थुंकीत वर्षानुवर्षं तोच जंतू, पण रिपोर्ट दर वेळी वेगळा: आत नक्की काय चाललेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा होता. धाकट्या भावाला ब्रॉन्काइएक्टॅसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचण्याचा आजार) आहे, चार वर्षं थुंकीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, स्युडोमोनास नावाचा जंतूच येतोय. पहिल्या रिपोर्टात नुसतं नाव होतं आणि जवळपास सगळी औषधं चालत होती, आता नावापुढे 'म्युकॉइड' लिहून येतं, आणि मागच्या वेळी तर एकाच नमुन्यात तीन प्रकारचे स्युडोमोनास दाखवले आणि तिघांचे सेन्सिटिव्हिटीचे (कुठलं औषध चालतं, कुठलं नाही याचे) तक्ते तीन तऱ्हेचे. मग लॅब चुकली का? की नवीन इन्फेक्शन झालं? आणि जंतू तोच असेल तर माणसाच्या छातीत राहून तो इतका ताकदवान कसा होतो, जनुकांमध्ये नेमकं घडतं काय?

मी गेली २२ वर्षं श्वसनमार्गाचे नमुने बघतेय, त्यातली बरीचशी या एकाच जंतूच्या मागे गेली. तर आधी सरळ उत्तर देते आणि मग सविस्तर सांगते. लॅब बहुतेक चुकलेली नाही. जंतूही बहुतेक तोच आहे, म्हणजे चार वर्षांपूर्वी जो शिरला त्याचीच पिल्लावळ. आणि तो 'ताकदवान' झालाय हे मात्र खरं नाही, निदान ज्या अर्थाने आपण म्हणतो त्या अर्थाने तरी नाही. तो तिथे मुरलाय. या दोन गोष्टींत खूप फरक आहे आणि माझं सगळं उत्तर त्या फरकाबद्दलच आहे.

स्युडोमोनास एरुजिनोसा हा मुळात माणसाचा जंतू नव्हेच. माती, साचलेलं पाणी, नळाची तोंडं, सिंकचे पाइप, जिथे ओल तिथे हा. त्याचा डीएनए जिवाणूंच्या मानाने मोठा, साधारण ६३ लाख अक्षरांचा, त्यात साडेपाच हजारांच्या वर जनुकं, हा पूर्ण नकाशा २००० साली छापून आला आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलेली गोष्ट म्हणजे त्यातली भरपूर जनुकं नुसती 'कारभारी' आहेत, म्हणजे दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणारी. ज्याला कधी मातीत, कधी पाण्यात, कधी झाडाच्या मुळाशी राहायचंय त्याला असे कारभारी लागतातच. आणि पुढे फुफ्फुसात जे काही होतं ते बऱ्याच अंशी या कारभाऱ्यांमध्येच होतं, कारण कारभारी एक बिघडला की त्याच्या हाताखालची पन्नास-शंभर कामं एका झटक्यात बदलतात. एकेक काम वेगवेगळं बदलत बसायची गरजच उरत नाही.

आता हिशेब बघा, कारण हिशेब डोळ्यासमोर असला की यातली 'जादू' निघून जाते. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, त्यात एखाद्या ठराविक अक्षराची चूक व्हायची शक्यता शंभर कोटीत एक ते हजार कोटीत एक इतकी कमी असते. म्हणजे अख्ख्या डीएनएत मिळून दर काहीशे ते हजार-दीड हजार विभाजनांमागे एखादी चूक. ऐकायला काहीच नाही. पण जुनाट इन्फेक्शनमध्ये एक मिलिलिटर कफात दहा कोटी जंतू सहज असतात. दहा मिलिलिटर कफ धरला तर शंभर कोटी. हे सगळे एकदा दुप्पट झाले की काही लाख नवीन बदल तयार, आणि हे काही तासांत पुन्हा, मग पुन्हा, असं वर्षानुवर्षं. त्यातले बहुतेक बदल निरुपयोगी किंवा नुकसानीचे, ते आपोआप मागे पडतात. जंतू काही 'ठरवत' नाही, त्याला औषध आलं म्हणून तो तसं म्युटेशन, म्हणजे डीएनएतला बदल, 'करून घेत' नाही. लॉटरीची तिकिटं रोज लाखोंनी निघतायत, कुठलं लागणार ते फुफ्फुस ठरवतं. आपण बोलताना मात्र 'जंतूने असं केलं' असंच म्हणतो, मीही पुढे तसंच म्हणणार आहे, सोयीसाठी, अर्थ मात्र हाच धरा.

मग हे फुफ्फुस कसलं ठिकाण आहे? बाहेरच्या पाण्याशी तुलना केली तर फारच विचित्र. घट्ट कफ, जो हलत नाही. कफाच्या गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे जंतूला नायट्रेटवर श्वास काढावा लागतो. खायला मात्र चंगळ, कारण मेलेल्या पांढऱ्या पेशींची प्रथिनं फुटून अमिनो आम्लं भरपूर असतात. लोह असतं, पण मोकळं नसतं, शरीराने बांधून ठेवलेलं असतं. पांढऱ्या पेशी सतत चाल करून येतायत, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी द्रव्यं ओततायत, आणि वर आपण अँटिबायोटिक देतोय, तीही कधी भरपूर पोचते कधी अर्धवट. इथे एक लक्षात घ्या, ब्रॉन्काइएक्टॅसिसमध्ये किंवा सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (जन्मजात बिघाडाने कफ घट्ट होणारा आजार) कफ साफ करायची यंत्रणाच अडलेली असते म्हणून जंतूला हा मुक्काम मिळतो, धडधाकट फुफ्फुसात हाच जंतू श्वासाबरोबर आत गेला तरी बाहेर फेकला जातो. आपल्याला या विषयातलं जे काही नीट माहीत आहे ते मुख्यत्वे सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांकडून आलंय, कारण त्यांचे नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवले गेले, पण ब्रॉन्काइएक्टॅसिस आणि सीओपीडीतही (श्वासनळ्या अरुंद करणारा जुनाट आजार) साधारण हाच पट दिसतो.

'म्युकॉइड' पासून सुरू करू, कारण तुमच्या रिपोर्टात तोच शब्द आहे आणि तो शब्द मला आजही थांबायला लावतो. साधा स्युडोमोनास प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या झाकणाच्या ताटलीत, पसरट, कडा वेड्यावाकड्या, हिरवट झाक, आणि झाकण उघडलं की द्राक्षासारखा गोडसर वास, तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. म्युकॉइड वेगळाच, कॉलनी (प्लेटवर वाढलेला जंतूंचा ठिपका) फुगलेली, ओली, चकचकीत, लूप (तारेचं वेटोळं) लावून उचलायला गेलं की तार सुटते, आणि दोन दिवस ठेवली तर शेजारशेजारच्या कॉलन्या एकमेकींत मिसळून अख्खी प्लेट बुळबुळीत होते, उलटी ठेवली तर लगदा झाकणावर ओघळतो. हा चिकटा म्हणजे अल्जिनेट नावाची साखरेची लांब साखळी. ती बनवायची जनुकं साध्या स्युडोमोनासमध्येही असतात, फक्त झोपलेली. अल्ग-यू नावाचा एक प्रथिनाचा तुकडा त्यांना उठवतो, आणि म्युक-ए नावाचं दुसरं प्रथिन या अल्ग-यूला धरून ठेवतं, कुत्र्याला साखळीने बांधावं तसं. फुफ्फुसात जो बदल पुन्हा पुन्हा दिसतो तो म्हणजे म्युक-ए मोडणं. साखळी तुटली की कुत्रं मोकळं, अल्जिनेट रात्रंदिवस चालू.

यातला सगळ्यात प्रसिद्ध बदल तर इतका छोटा आहे की विश्वास बसत नाही. म्युक-एच्या जनुकात एके ठिकाणी 'जी' हे अक्षर लागोपाठ पाच वेळा येतं, त्यातला एक 'जी' गळतो. बस. नक्कल करणारी यंत्रणा अशा एकसारख्या अक्षरांच्या ओळीत घसरते, आपणही लिहिताना एकसारखी अक्षरं आली की एखादं गाळतो तसंच, आणि एक अक्षर गळलं की पुढची सगळी वाचणी सरकते, प्रथिन अर्धवट राहतं. १९९९ साली एक प्रयोग छापून आला, त्यात चिकट थर (बायोफिल्म) करून वाढणाऱ्या साध्या स्युडोमोनासला थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं तर म्युकॉइड निघाले, आणि त्यांच्यात नेमका हा 'जी' गळण्याचा बदलही सापडला. म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशी जे हत्यार जंतूवर टाकतात त्याच हत्याराने त्याच्या डीएनएत चुका वाढतात आणि त्यातून त्या हत्याराला दाद न देणारा निघतो. मला हे वाचल्यापासून दाह म्हणजे नुसती 'प्रतिकारशक्ती काम करतेय' असं म्हणवत नाही.

आणि अजून एक, जे पुस्तकात वाचून कळलं नसतं. म्युकॉइड कॉलनी घेऊन प्लेटवरून प्लेटवर, ट्यूबमधून ट्यूबमध्ये नेत राहिलं तर काही दिवसांत त्यातून साध्या कॉलन्या निघायला लागतात. म्युक-ए दुरुस्त होतो असं नाही, बहुतेक वेळा अल्ग-यूच मोडतं, म्हणजे बांधायची साखळी तुटलेलीच आहे पण आता कुत्रंच राहिलं नाही. का? कारण प्लेटवर पांढऱ्या पेशी नाहीत, औषध नाही, मग एवढा चिकटा बनवत बसणं हा फुकट खर्च, आणि जो तो खर्च करत नाही तो पुढे जातो. म्हणून मी शिकणाऱ्या मुलांना सांगते, फुफ्फुसातून आलेला मूळ नमुना आधी गोठवून ठेवा, मग बाकीचे खेळ करा, नाहीतर तुम्ही फुफ्फुसाचा नाही, तुमच्या प्लेटचा जंतू अभ्यासताय.

आता 'ताकदवान' या शब्दाकडे येते. २००६ साली सिएटलच्या गटाने एक काम छापलं. सिस्टिक फायब्रोसिसचं एक मूल, सहा महिन्यांचं असताना मिळालेला स्युडोमोनास, आणि तेच मूल आठ वर्षांचं झाल्यावर मिळालेला. दोन्हींचे डीएनए अक्षर-अक्षर ताडून बघितले तर ६८ बदल सापडले. आणि कोणती जनुकं बदलली, तर ज्यांना आपण आयुष्यभर 'रोग पसरवणारी हत्यारं' म्हणून शिकवलं तीच मोडलेली. पुढे इतर रुग्णांचे नमुने बघितले तर तिथेही त्यातली बरीच जनुकं पुन्हा पुन्हा मोडलेली दिसली. म्हणजे आठ वर्षांत जंतू शस्त्रं वाढवत नव्हता, खाली ठेवत होता.

का ठेवतो ते एकेक बघितलं की पटतं. शेपटी, ज्याने तो पोहतो, ती जाते. घट्ट कफात पोहून जायचं कुठे, आणि शिवाय शेपटीचं प्रथिन हा पांढऱ्या पेशींना मिळणारा पहिला सुगावा असतो, शेपटी नसलेल्या जंतूला त्या गिळतही नीट नाहीत. सुईसारखं एक यंत्र असतं, आपल्या पेशीत थेट विष टोचणारं, न्यूमोनियात माणूस त्यानेच हातचा जातो, तेही जुनाट इन्फेक्शनमध्ये हळूहळू बंद पडतं. बाहेरच्या आवरणावरच्या साखरेच्या लांब साखळ्या गळून पडतात. या शेवटच्या बदलाचा परिणाम फार बोलका आहे: असा जंतू रक्तातल्या सीरममध्ये टिकतच नाही, मरतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या माणसाच्या छातीत अब्जावधी स्युडोमोनास वीस वर्षं असतात आणि तरी ते रक्तात पसरणं क्वचित घडतं, त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं. तोच जंतू, कॉलनीत दिसायला राक्षस, पण त्या एका जागेबाहेर दुबळा. याला ताकद म्हणायचं का? मी नाही म्हणत. घरात नवीन आलेला भाडेकरू आधी सगळ्यांशी भांडतो, आणि वीस वर्षांनी तोच असा काही मुरलेला असतो की हलवता हलवत नाही, भांडण मात्र नाही. तसं.

पण म्हणून तो निरुपद्रवी झाला असं अजिबात समजू नका. फुफ्फुस खराब होतं ते फक्त जंतूच्या विषाने नाही, तो हटत नाही म्हणून वर्षानुवर्षं जो दाह धुमसत राहतो त्याने होतं. पांढऱ्या पेशींची विकरं श्वासनळीची भिंतच खातात. मुरलेला जंतू कमी मारतो आणि जास्त झिजवतो.

लास-आर नावाच्या कारभाऱ्याबद्दल थोडं थांबून सांगते कारण हे जनुक मला सगळ्यात बोलकं वाटतं. जंतू एकमेकांना रासायनिक खुणा देतात, पुरेसे जण जमले की मिळून काही गोष्टी बाहेर सोडतात, प्रथिनं फोडणारी विकरं, रंग, विषं. लास-आर ही त्या खुणा ऐकणारी कानाची जागा. जुनाट इन्फेक्शनमध्ये हा कान बऱ्याचदा गेलेला असतो. प्लेटवर असा जंतू ओळखता येतो, कॉलनीवर धातूसारखी चमक, तिरक्या उजेडात धरली तर पाण्यावर सांडलेल्या तेलासारखी, आणि मध्ये मध्ये पेशी स्वतःच फुटून भोकं पडल्यासारखी दिसतात. फायदा काय? एक तर सामूहिक कामाचा खर्च वाचतो, शेजारी करतायत तर आपण का करा. पण प्रयोगांत असंही दिसलं की लास-आर गेलेला जंतू फिनाइलअ‍ॅलनीनसारख्या काही अमिनो आम्लांवर जास्त जोमाने वाढतो, आणि कफात नेमकी तीच भरपूर असतात, शिवाय पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना तोडणारं विकरही त्याच्याकडे वाढलेलं असतं. म्हणजे औषधाचा मुद्दा मनात नसताना, नुसत्या खाण्यापिण्याच्या सोयीसाठी झालेला बदल औषधालाही थोडा आडवा येतो. लोहाचंही तसंच, मातीत मोकळं लोह ओढायला तो जो हिरवा-पिवळा पदार्थ सोडायचा तो सोडणं काही वंशांत बंद होतं आणि त्याऐवजी रक्तातल्या हीममधून लोह घ्यायचा मार्ग वाढतो. घर बदललं की चूल बदलते.

आता हायपरम्युटेटर, म्हणजे डीएनएच्या नकलेत नेहमीपेक्षा फार जास्त चुका करणारे जंतू. हा भाग गंभीर आहे. प्रत्येक पेशीत डीएनएच्या चुका तपासून दुरुस्त करणारी यंत्रणा असते, म्युट-एस, म्युट-एल अशी तिची जनुकं. तीच मोडली तर चुकांचा वेग शंभरपट, कधी हजारपट होतो. २००० साली स्पेनमधल्या गटाने दाखवलं की सिस्टिक फायब्रोसिसच्या ३० रुग्णांपैकी ११ जणांत असे जंतू होते, आणि ज्यांना स्युडोमोनासचं तात्पुरतं, तीव्र इन्फेक्शन होतं अशा ७५ जणांपैकी एकातही नव्हते. सगळा अर्थ या फरकात आहे. चुका करत सुटणं ही वाईट सवय, स्थिर जागी ती परवडत नाही. पण जिथे दर काही महिन्यांनी नवीन औषध येतं आणि सतत जुळवून घ्यावं लागतं तिथे ज्याच्याकडे तिकिटं जास्त त्याची लॉटरी आधी लागते, आणि तो बदल पुढे पसरतो तेव्हा त्याच्याबरोबर मोडकी दुरुस्ती यंत्रणाही पसरते.

हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं ते साध्या डिस्क टेस्टवर. प्लेटभर जंतू पसरून त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात, चकतीभोवती जंतू वाढत नाही तो स्वच्छ गोल, गोल मोठा म्हणजे औषध चालतं. त्या प्लेटवर गोल मोठे होते, छान होते, पण प्रत्येक गोलात पाच-सात बारीक ठिपके. एका औषधाभोवती नाही, चार-पाच औषधांभोवती. मला वाटलं प्लेट बाहेरून खराब झाली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. एक ठिपका उचलून वेगळा लावला तर त्या औषधाला गोलच नाही, पूर्ण रेझिस्टन्ट, म्हणजे औषध चालतच नाही. म्हणजे एका रात्रीत, माझ्या डोळ्यासमोर, त्या गर्दीत प्रत्येक औषधासाठी काही तयार बदल आधीच बसलेले होते. तेव्हा रिपोर्टात मी गोलाचं माप टाकून 'सेन्सिटिव्ह' लिहिलं होतं, कारण फॉर्मवर ठिपक्यांना जागा नव्हती. आज मी तसं करत नाही, फोन करून डॉक्टरांना सांगते की एकटं औषध देऊ नका. पण त्या रिपोर्टाची चुटपुट आहे.

औषधाच्या रेझिस्टन्सबद्दल लोकांची एक कल्पना असते की जंतू दुसऱ्या जंतूकडून जनुक 'उचलतो'. तेही होतं, पण मुरलेल्या स्युडोमोनासमध्ये बहुतेक सगळं घरच्या घरी होतं, स्वतःच्याच जनुकांत बदल करून. टोब्रामायसिन वर्षानुवर्षं दिलं तर मेक्स-झेड मोडतो, हा एका पंपाचा ब्रेक, ब्रेक गेला की पंप औषध बाहेर फेकत राहतो. सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं तर जायर-ए मध्ये, म्हणजे औषध जिथे चिकटतं तिथेच अक्षर बदलतं. इमिपेनेम ज्या दारातून आत शिरतं ते ऑप्र-डी नावाचं दारच बंद होतं. सेफ्टाझिडाइमसारख्यांसाठी अ‍ॅम्प-डी मोडून अ‍ॅम्प-सी हे तोडणारं विकर मोकाट सुटतं. यातलं एकही 'नवीन' नाही, सगळं जुनंच सामान, कुणाचा ब्रेक काढलाय, कुणाचं दार लावलंय.

वेगळ्या वेगळ्या माणसांत, वेगळ्या वेगळ्या स्ट्रेनमध्ये (एकाच जंतूच्या उपप्रकारांत) पुन्हा पुन्हा हीच जनुकं बदलताना दिसतात का, हे डेन्मार्कच्या लोकांनी फार चिकाटीने तपासलं. कोपनहेगनमध्ये १९७० च्या दशकापासूनचे नमुने गोठवून ठेवलेले आहेत. त्यातला एक वंश ३५ वर्षांहून जास्त काळ, माणसामागून माणसात, अंदाजे दोन लाख पिढ्या चालत आलेला, आणि त्यात दिसलं असं की सुरुवातीच्या थोड्या वर्षांतच मोठे कारभारी बदलले, म्युक-ए, लास-आर, आर-पो-एन, आणि त्यानंतर जुळवून घेण्याचा वेग खूप मंदावला. २०१५ साली त्यांनीच ३४ मुलं आणि तरुण रुग्णांचे ४७४ नमुने वाचून ५२ जनुकांची यादी काढली जी वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा बदलली. एकमेकांशी संबंध नसलेले जंतू, एकमेकांशी संबंध नसलेली माणसं, आणि वाट तीच. म्हणून मी म्हणते की तिकिटं आंधळी असली तरी बक्षीस ठरलेलं असतं.

यातूनच एक भीतीची गोष्ट निघते, मुरलेला जंतू दुसऱ्या तशाच फुफ्फुसात गेला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. १९९६ साली लिव्हरपूलच्या मुलांच्या सिस्टिक फायब्रोसिस क्लिनिकमधून एकच स्ट्रेन मुलामुलांत पसरल्याचं छापून आलं, तोपर्यंत बऱ्याच जणांना वाटायचं की प्रत्येकाला आपापला जंतू पर्यावरणातूनच येतो. तेव्हापासून अशा रुग्णांना एकमेकांपासून लांब बसवायची पद्धत पक्की झाली. घरातल्या निरोगी माणसांना यातून धोका नगण्य आहे, हे मुद्दाम सांगते, कारण भावाच्या ताटाला हात लावायला घाबरणारे लोक मी बघितलेत. तसं करू नका.

आता तुमच्या तीन प्रकारच्या कॉलन्या आणि तीन तक्ते. इथे मूळ चूक आपल्या भाषेत आहे, आपण 'जंतू' असं एकवचनी म्हणतो. छातीत एक जंतू नाही, एक गाव आहे. प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली फुफ्फुसं वेगवेगळ्या भागांतून तपासली तेव्हा २०१५ च्या एका कामात दिसलं की एकाच पूर्वजाची पिल्लावळ वरच्या भागात एक तऱ्हेची झालेली, खालच्या भागात दुसऱ्या तऱ्हेची, औषधांना दाद देणंही वेगळं, आणि भाग एकमेकांत फारसे मिसळलेलेच नाहीत. मधे कफाच्या गाठी, कोण कुणाकडे जाणार. त्याआधी बॉस्टनमध्ये बर्कहोल्डेरिया डोलोसा नावाच्या दुसऱ्या जंतूच्या साथीचे १४ रुग्णांचे १६ वर्षांतले ११२ नमुने वाचले होते, तिथेही वेगवेगळ्या माणसांत तीच ठराविक जनुकं बदललेली, आणि पुढे एकेका थुंकीच्या नमुन्यात बघितलं तर एकाच माणसात अनेक शाखा शेजारीशेजारी वर्षानुवर्षं नांदताना सापडल्या. जुनी शाखा संपली आणि नवी आली असं सरळ होतच नाही.

मग रिपोर्ट म्हणजे काय? त्या गावातली तीन माणसं उचलून त्यांना विचारलेला प्रश्न. पुढच्या वेळी दुसरी तीन. एकसारख्या दिसणाऱ्या कॉलन्या घेतल्या तरी सेन्सिटिव्हिटी वेगळी निघते. म्हणूनच जुनाट इन्फेक्शनमध्ये रिपोर्ट आणि प्रत्यक्ष गुण यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही, 'रेझिस्टन्ट' लिहिलेल्या औषधाने माणूस सुधारतो आणि 'सेन्सिटिव्ह' वाल्याने सुधारत नाही, हे मी दर महिन्याला बघते. त्यात भर म्हणजे थरात राहणारे, हळू वाढणारे जंतू औषध टाळतात त्याला म्युटेशनची गरजही लागत नाही, आणि ते आपल्या चकतीच्या टेस्टमध्ये दिसतच नाही. म्हणून 'आर' (रेझिस्टन्ट) दिसलं की घाबरू नका आणि 'एस' (सेन्सिटिव्ह) दिसलं की निवांत होऊ नका, मागच्या वेळी कुठल्या औषधाने भावाला बरं वाटलं हे डॉक्टरांना सांगणं तितकंच मोलाचं.

बाकीच्या जंतूंचं थोडक्यात. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक खूप दिवस दिलं की थायमिडीन (डीएनएचा एक घटक) स्वतः न बनवणारे, टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलन्यांचे प्रकार निघतात, ते पूमध्ये फुटलेल्या पेशींच्या डीएनएमधून थायमिडीन घेतात, आणि साध्या प्लेटवर नीट वाढत नाहीत म्हणून लॅबच्या नजरेतून सुटतात. सीओपीडीत राहणारा हिमोफिलस तर म्युटेशनचं बटणच घेऊन फिरतो, काही जनुकांत चार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो, नक्कल करताना एखादा तुकडा कमी-जास्त झाला की जनुक बंद, पुन्हा झाला की चालू, त्यामुळे त्याची बाहेरची साखर सतत बदलते. टीबीचा जंतू मात्र या सगळ्यांच्या उलट, अतिशय सावकाश, साधारण दोन वर्षांत एखादं अक्षर बदलणारा, पण तिथेही आर-पी-ओ-बी या जनुकातला एकच बदल रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध निकामी करायला पुरतो, म्हणून एका औषधावर टीबी कधीच ठेवत नाहीत.

तुमच्या भावासाठी याचा उपयोग काय तेही सांगते. स्युडोमोनास पहिल्यांदा सापडतो तेव्हा तो अजून बाहेरचाच असतो, शेपटी आहे, शस्त्रं आहेत, चिकटा नाही, गाव वसलेलं नाही, तेव्हाच फवाऱ्याच्या अँटिबायोटिकने त्याला हुसकून लावता येतं, आणि सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सगळीकडे तेच करतात. चार वर्षांनी म्युकॉइड झाल्यावर पूर्ण उखडणं क्वचितच जमतं, तेव्हा ध्येय बदलतं, संख्या कमी ठेवणं, दाह कमी ठेवणं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये २०१९ पासून आलेली तीन औषधांची गोळी मूळ बिघाडच सुधारते, कफ पातळ होतो, माणसं खूप सुधारतात, पण ज्यांच्यात जंतू आधीच मुरलेला होता त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत संख्या कमी होऊनही तोच वंश टिकून राहतो. मुरण्याचा अर्थ हाच.

म्हणून रोजचा कफ काढायचा व्यायाम ही या सगळ्यातली मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि घरोघरी तीच सगळ्यात आधी सुटते. जो कफ बाहेर पडला त्यातले कोट्यवधी जंतू त्यांच्या सगळ्या तिकिटांसकट बाहेर पडले. वर हिशेब दिलाय, त्यात जंतूंची संख्या अर्धी करा, तिकिटंही अर्धी होतात. कुठलंही अँटिबायोटिक हे इतक्या स्वस्तात करत नाही.

आणि लॅबकडून काय मागायचं तर डॉक्टरांमार्फत विचारा की कॉलन्यांचे प्रकार वेगवेगळे लावलेत का, डिस्कच्या गोलात ठिपके दिसले का, आणि पहिल्या वर्षीचा जंतू गोठवून ठेवलाय का. ठेवला असेल तर आजच्याशी ताडून तोच वंश आहे की बाहेरून नवीन आलाय हे खात्रीने सांगता येतं, तुमच्या मूळ प्रश्नाचं पक्कं उत्तर तेवढ्यानेच मिळेल. पुढचा नमुना देताना सकाळचा, खोकून वर आलेला कफ द्या, तोंडातली लाळ नको, आणि गेल्या महिन्याभरात कुठली अँटिबायोटिक चालू होती, फवाऱ्याची धरून, ते फॉर्मवर लिहा, ती ओळ बहुतेक फॉर्मवर रिकामीच येते.